पोस्टग्रेसक्यूएल सोर्स कोडमधून: लिनक्सवर कंपाइल करण्यापासून पुढच्या अपग्रेडपर्यंत

जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचं तयार पॅकेज मिळतं, आणि बहुतेकांनी तेच वापरावं. सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर येतात, सर्व्हिसची फाइल तयार असते, युजर आपोआप बनतो. तरीही सोर्समधून बांधायची वेळ येते. हवी ती आवृत्ती वितरणात नसते, एखादा पॅच लावून बघायचा असतो, मशीनवर रूटचे अधिकार नसतात, एक्स्टेन्शन (सर्व्हरला जोडायची भर) लिहिताना अंतर्गत तपासण्या चालू असलेला सर्व्हर हवा असतो, किंवा एकाच मशीनवर दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायच्या असतात.

कंपाइल करणं हा या सगळ्यातला सोपा भाग. खरी परीक्षा नंतर होते: काही महिन्यांनी दुरुस्तीची नवी आवृत्ती येते आणि मूळ बांधणी कोणत्या पर्यायांनी केली होती हे कुणालाच आठवत नाही. म्हणून खालची प्रत्येक पायरी मी एकाच हिशोबाने मांडली आहे. सॉफ्टवेअर कधीही पुसून जसंच्या तसं पुन्हा बांधता आलं पाहिजे, आणि ते करताना डेटाला धक्का लागता कामा नये.

लेखात १७ वी आवृत्ती धरली आहे. १८ मध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधीची तयारी

सोर्स आणि कंपाइल होताना तयार होणाऱ्या फाइलींसाठी साधारण ३५० एमबी जागा धरा, चाचण्या चालवायच्या तर आणखी ३०० एमबी. बसवलेलं सॉफ्टवेअर ६० एमबीच्या आसपास असतं, रिकामा डेटाबेस ४० एमबीच्या.

डेबियन किंवा उबुंटूवर बिल्ड-एसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, पर्ल आणि पीकेजी-कॉन्फिग ही पॅकेजं लागतात. शिवाय रीडलाइन, झेडलिब, आयसीयू, ओपनएसएसएल, सिस्टमडी, एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड या लायब्रऱ्यांची ‘-डेव्ह’ शेपटीची पॅकेजं. रेड हॅट घराण्यात जीसीसी आणि मेक वेगळे घ्यावे लागतात आणि तीच शेपटी ‘-डेव्हेल’ होते. नवखे इथेच हमखास अडकतात: लायब्ररी मशीनवर आहे, तरी कॉन्फिगर (बांधणीआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) ती सापडत नाही म्हणतं. चालवण्यासाठी नुसती लायब्ररी पुरते, कंपाइल करताना मात्र तिच्या हेडर फाइलीही लागतात, आणि त्या या वेगळ्या पॅकेजात असतात.

बायसन, फ्लेक्स आणि पर्लबद्दल एक सांगायला हवं. १६ व्या आवृत्तीपर्यंत सोर्सच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधून दाबलेल्या फाइलीत) पार्सरच्या, म्हणजे एसक्यूएल वाचणाऱ्या भागाच्या, फाइली आधीच तयार करून दिलेल्या असत, त्यामुळे ही साधनं नसली तरी चालून जायचं. १७ पासून त्या फाइली टारबॉलमध्ये नसतात. जुन्या नोंदी समोर ठेवून बांधायला बसलात आणि बायसन नाही म्हणून गाडी अडली, तर कारण हेच.

अधिकृत संकेतस्थळाच्या सोर्स विभागातून टारबॉल उतरवा आणि त्याच्या शेजारची ‘.एसएचए२५६’ फाइलही घ्या. मग:

एसएचए२५६सम -सी पोस्टग्रेसक्यूएल-१७.६.टार.बीझेड२.एसएचए२५६

‘ओके’ आलं की टारबॉल उघडा. इथपासून इन्स्टॉलच्या पायरीपर्यंत सगळं साध्या युजरने करायचं. रूटची गरज नाही, आणि चाचण्या तर रूट म्हणून चालतच नाहीत.

कॉन्फिगर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथले निर्णय पुढे वर्षानुवर्षं सोबत राहतात.

सोर्सच्या डिरेक्टरीत कंपाइल करण्याऐवजी शेजारी वेगळी डिरेक्टरी करा, तिच्यात जा आणि तिथून सोर्समधली कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवा. मूळ सोर्स स्वच्छ राहतो, आणि दुसऱ्या पर्यायांनी बांधायचं असेल तर आणखी एक डिरेक्टरी केली की झालं.

../पोस्टग्रेसक्यूएल-१७.६/कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/पीजीएसक्यूएल-१७ --विथ-एसएसएल=ओपनएसएसएल --विथ-सिस्टमडी --विथ-एलझेड४ --विथ-झेडएसटीडी --इनेबल-डीबग

प्रिफिक्स म्हणजे सॉफ्टवेअर बसण्याची जागा. काही दिलं नाही तर ते ‘/यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल’मध्ये जातं आणि पुढची मोठी आवृत्ती (१७ नंतरची १८) त्याच जागेवर येऊन आदळते. म्हणून मोठ्या आवृत्तीचा आकडा नावात असू द्या. १७.६ असा पूर्ण आकडाही घालता येतो, पण मग प्रत्येक छोट्या आवृत्तीला सगळी एक्स्टेन्शन नव्या जागी पुन्हा बसवावी लागतात. मला १७ एवढंच ठेवणं सोयीचं वाटतं. शिवाय मार्गाच्या नावात ‘पोस्टग्रेस’ किंवा ‘पीजीएसक्यूएल’ यांपैकी काहीच नसेल, तर काही फाइलींच्या मार्गात ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाची आणखी एक पातळी आपोआप घुसते. नाव नीट ठेवलं की हा गोंधळ होत नाही.

आता पर्यायांकडे. ओपनएसएसएल वगळू नका. त्याशिवाय नेटवर्कवरची जोडणी एन्क्रिप्ट होत नाही आणि पीजीक्रिप्टो हे एक्स्टेन्शनही बांधलं जात नाही. सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या) पर्यायाचं महत्त्व सर्व्हिस लिहिताना कळेल. एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड ही डेटा दाबून लहान करणारी साधनं आहेत: पहिलं मोठ्या मजकुराच्या स्तंभांसाठी, आणि दोन्ही वॉल (डेटातल्या बदलांची नोंदवही) व बॅकअपसाठी. एलएलव्हीएमचा पर्याय लांबलचक विश्लेषणाच्या क्वेरी असतील तरच घ्या, त्यासाठी क्लँगसकट बराच पसारा लागतो. डीबगच्या पर्यायाने जीसीसीवर वेग कमी होत नाही, फक्त फाइली फुगतात. पण सर्व्हर कधी कोसळलाच तर स्टॅक ट्रेस वाचता येतो. ‘--इनेबल-कॅसर्ट’ मात्र विकासाच्या मशीनपुरतंच ठेवा, त्याने सर्व्हर चांगलाच मंदावतो.

ब्लॉकचा आकार बदलण्याचा मोह आवरा. तो मुळात ८ केबी असतो, ३२ पर्यंत वाढवता येतो, पण तसा बनवलेला डेटा इतर कुठल्याही सामान्य बांधणीला उघडता येत नाही. उद्या तातडीने पॅकेजमधला सर्व्हर लावायची वेळ आली तर तो सुरूच होणार नाही. कंपाइलरला द्यायच्या फ्लॅगचंही तसंच. ‘-ओ२’ मुळातच असतं. ‘-मार्च=नेटिव्ह’ लावलेली बांधणी जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर नेली की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते. आणि ‘-एफफास्ट-मॅथ’ लावलं तर सोर्स कोडच कंपाइल व्हायला नकार देतो, कारण तारखा आणि वेळेची गणितं त्याने चुकतात.

कॉन्फिगर थांबलं तर ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. फाइलीच्या शेवटी व्हेरिएबलची लांब यादी असते, तिकडे बघून उपयोग नाही. पडद्यावर दिसलेला संदेश फाइलीत शोधा आणि त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचा. कंपाइलरची खरी तक्रार तिथे असते. रीडलाइन किंवा आयसीयू सापडत नाही म्हटल्यावर ‘--विदाउट-रीडलाइन’, ‘--विदाउट-आयसीयू’ लावून पुढे सरकणं ही वाईट सवय आहे. रीडलाइनशिवाय पीएसक्यूएल या कमांड-लाइन प्रोग्राममध्ये मागच्या कमांड वर-खाली बाणांनी मिळत नाहीत, आणि आयसीयू या भाषेनुसार क्रम लावणाऱ्या लायब्ररीशिवाय त्या पद्धतीचे वर्णक्रम वापरणारा दुसरीकडचा डेटाबेस इथे आणता येत नाही. दोन पॅकेजं बसवायला दोन मिनिटं लागतात.

कॉन्फिगर पार पडलं की ती पूर्ण ओळ एका शेल स्क्रिप्टमध्ये उतरवा आणि स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवा. बसवलेल्या सर्व्हरकडून ‘पीजी_कॉन्फिग --कॉन्फिगर’ने पर्याय परत मिळतात खरे, पण मशीनच गेलं तर ते विचारायचे कुणाला?

१६ पासून मेसॉन आणि निंजा वापरूनही बांधता येतं, आणि तो मार्ग वेगवान आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला कॉन्फिगरचा रस्ता मी सुचवेन. अडचणींची उत्तरं त्याच भाषेत जास्त सापडतात.

कंपाइल आणि चाचणी

मेक -जे८ वर्ल्ड-बिन

आकडा आपल्या प्रोसेसरच्या कोअरएवढा ठेवा. नुसतं ‘मेक’ दिलं तर सोर्सबरोबरच येणारी ‘कॉन्ट्रिब’मधली एक्स्टेन्शन बांधली जात नाहीत. नुसतं ‘वर्ल्ड’ दिलं तर कागदपत्रंही बांधायला घेतली जातात आणि त्यासाठी आणखी साधनं लागतात. ‘वर्ल्ड-बिन’ या दोहोंच्या मधलं आहे. मेमरी कमी असलेल्या मशीनवर कंपाइलर मध्येच ‘किल्ड’ झाला तर समांतर कामांचा आकडा कमी करा.

मेक चेक

ही पायरी सोडू नका. ती एक तात्पुरता सर्व्हर उभा करून त्यावर दोनशेहून अधिक चाचण्या चालवते. सदोष लायब्ररी किंवा विचित्र कंपाइलर याच टप्प्यावर उघडा पडतो, आणि अजून तुमचा एकही रेकॉर्ड पणाला लागलेला नसतो. काही नापास झालं तर ‘रिग्रेशन.डिफ्स’ फाइलीत अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर यांतला फरक दिसतो.

मग, पहिल्यांदाच रूटचे अधिकार घेऊन:

सुडो मेक इन्स्टॉल-वर्ल्ड-बिन

‘/ऑप्ट/पीजीएसक्यूएल-१७/बिन’ हा मार्ग पाथमध्ये जोडा. लायब्ररीचा मार्ग सिस्टमभर नोंदवण्याची घाई मात्र नको. इथले प्रोग्राम आपली लायब्ररी कुठे आहे हे स्वतःच्या पोटात घेऊनच बांधलेले असतात. ‘एलडीकॉन्फिग’मध्ये ती घातली की वितरणाचे इतर प्रोग्रामही तुमची लिबपीक्यू (सर्व्हरशी बोलण्याची लायब्ररी) उचलू लागतात.

युजर आणि डेटाची जागा

सुडो यूजरॲड --सिस्टम --शेल /बिन/बॅश --होम-डिर /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल --क्रिएट-होम पोस्टग्रेस

यातला ‘--सिस्टम’ हा शब्द विसरू नका. साधा युजर शेवटच्या सत्रातून बाहेर पडला की सिस्टमडीचा लॉगिन व्यवस्थापक त्याची शेअर्ड मेमरी आणि सेमाफोर साफ करतो. ‘रिमूव्हआयपीसी’ ही सेटिंग मुळातच चालू असते. सिस्टम युजरला ती लागू होत नाही. पोस्टग्रेस साध्या युजरखाली चालत असेल, तर कुणीतरी त्या नावाने लॉगिन करून बाहेर पडतं आणि थोड्या वेळाने समांतर क्वेरी ‘शेअर्ड मेमरी सेगमेंट उघडता आला नाही’ म्हणत पडू लागतात. कारण माहीत नसेल तर हा दोष शोधायला दिवस जातात, कारण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काहीही चुकलेलं नसतं.

डेटा प्रिफिक्सच्या आत ठेवू नका. ‘/व्हार/लिब/पीजीएसक्यूएल/१७/डेटा’ अशी स्वतंत्र जागा करा, मालकी पोस्टग्रेसकडे द्या, मग त्या युजरने रिकामा डेटा बनवणारी इनिटडीबी चालवा:

इनिटडीबी -डी /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल/१७/डेटा --एन्कोडिंग=यूटीएफ८ --डेटा-चेकसम्स --ऑथ-लोकल=पीअर --ऑथ-होस्ट=स्क्रॅम-एसएचए-२५६ --पीडब्ल्यूप्रॉम्प्ट

पर्याय न देता इनिटडीबी चालवलं तर तेही चालतं, आणि धोका त्यातच आहे. ऑथचे पर्याय नसतील तर स्थानिक जोडण्यांना ‘ट्रस्ट’ लागतं: मशीनवरचा कुठलाही युजर पासवर्ड न देता डेटाबेसचा सर्वाधिकारी होऊ शकतो. इनिटडीबी तसा इशारा छापतं, पण तो वाचतो कोण? एन्कोडिंग दिलं नाही आणि शेलचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ‘सी’ असेल, तर डेटाबेस ‘एसक्यूएल_आस्की’मध्ये बनतो. त्यात मराठी मजकूर नुसत्या बाइटच्या रूपात पडून राहतो, अक्षरं मोजताना चूक होते आणि वैध-अवैध काही तपासलं जात नाही. चेकसम डिस्कवर झालेली नासाडी पकडतात. १८ पासून ते मुळातच चालू असतात, १७ मध्ये मागावे लागतात.

वर्णक्रमाचा निर्णयही इथेच होतो. मजकुराची क्रमवारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी-लायब्ररीवर सोपवली, तर ती लायब्ररी बदलली की क्रम बदलू शकतो, आणि जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ लागतात. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ ने नेमकं हेच केलं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम पुढे नेणाऱ्यांना मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागले. १७ मध्ये यावर चांगला उपाय आला आहे: ‘--लोकेल-प्रोव्हायडर=बिल्टिन --बिल्टिन-लोकेल=सी.यूटीएफ-८’. क्रम युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लागतो, पण तो ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर हलत नाही. भाषेप्रमाणे क्रम हवा असेल त्या स्तंभापुरता आयसीयूचा वर्णक्रम लावा.

डेटा डिरेक्टरीची परवानगी ०७०० असते. बॅकअपच्या सोयीसाठी गटाला वाचता यावं म्हणून ०७५० चालते, पण कुणी ती त्याहून सैल केली तर सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो, आणि तो नकार योग्यच आहे.

सर्व्हिस

आधी हाताने चालवून बघा:

पीजी_सीटीएल -डी /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल/१७/डेटा -एल /टीएमपी/पहिला.लॉग स्टार्ट

पीएसक्यूएलने आत जा, ‘सिलेक्ट व्हर्जन()’ विचारा आणि मग बंद करा. सिस्टमडीच्या युनिट फाइलीत सर्व्हिस विभागात पुढच्या ओळी हव्यात:

टाइप=नोटिफाय
यूजर=पोस्टग्रेस
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/पीजीएसक्यूएल-१७/बिन/पोस्टग्रेस -डी /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल/१७/डेटा
एक्झेकरीलोड=/बिन/किल -हप $मेनपीआयडी
किलमोड=मिक्स्ड
किलसिग्नल=सिगइंट
टाइमआउटसेक=इन्फिनिटी

‘नोटिफाय’ म्हणजे तयार झाल्यावर सर्व्हर स्वतः सिस्टमडीला कळवतो. कॉन्फिगरला सिस्टमडीचा पर्याय दिला नसेल तर हा निरोप कधीच जात नाही. सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, जोडण्याही घेतो, पण ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ तिष्ठत राहतं. ‘सिगइंट’ही विचार करून दिलेला आहे: त्याने चालू व्यवहार मागे घेऊन सर्व्हर लगेच आणि नीट बंद होतो. ‘सिगटर्म’ दिलं तर तो प्रत्येक ग्राहक स्वतःहून जाण्याची वाट बघत बसतो.

आता एक अडचण, जी डेबियन-उबुंटूवर जवळजवळ प्रत्येकाला येते. सर्व्हर चालू आहे, पण पीएसक्यूएल म्हणतं की ‘/व्हार/रन/पोस्टग्रेसक्यूएल’मध्ये सॉकेट (जोडणीची खास फाइल) नाही. सोर्समधून बांधलेला सर्व्हर आपला सॉकेट ‘/टीएमपी’मध्ये ठेवतो, वितरणाचं पीएसक्यूएल तो दुसरीकडे शोधतं. ‘विच पीएसक्यूएल’ चालवून बघा, बहुधा जुनंच पीएसक्यूएल पाथमध्ये पुढे असतं. वितरणाचे इतर प्रोग्रामही याच सर्व्हरशी बोलणार असतील, तर सेटिंगमधल्या ‘यूनिक्स_सॉकेट_डिरेक्टरीज’मध्ये दोन्ही जागा लिहा. दुसरी डिरेक्टरी मशीन सुरू होताना तयार होईल याची सोय मात्र तुम्हालाच करावी लागते; युनिटमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी=पोस्टग्रेसक्यूएल’ ही ओळ ते काम करते.

बाकी सेटिंग थोडक्यात. सर्व्हर मुळात फक्त लोकलहोस्टवर, ५४३२ पोर्टवर ऐकतो; बाहेरून जोडणी हवी असेल तर ‘लिसन_ॲड्रेसेस’ आणि ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ (कुणाला आत घ्यायचं याचे नियम) दोन्ही बदलावे लागतात. ‘शेअर्ड_बफर्स’ (डेटाच्या कॅशसाठीची मेमरी) मुळात १२८ एमबी असतात. फक्त डेटाबेससाठी असलेल्या मशीनवर मेमरीच्या पावपटीपासून सुरुवात करा. कर्नलने मेमरीअभावी पोस्टग्रेसची प्रक्रिया मारू नये म्हणून ‘व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी’ २ ठेवण्याचा सल्ला दिला जातो, पण त्याच मशीनवर इतर मोठे प्रोग्राम असतील तर आधी चाचणी घ्या.

बाहेरची एक्स्टेन्शन

पोस्टजीआयएससारखी (भौगोलिक डेटासाठीची) एक्स्टेन्शन बांधताना ती ‘पीजी_कॉन्फिग’ला विचारतात की सर्व्हर कुठे आहे. पाथमध्ये वितरणाचं पीजी_कॉन्फिग आधी असेल, तर एक्स्टेन्शन गुपचूप दुसऱ्याच सर्व्हरसाठी तयार होतं. बहुतेक एक्स्टेन्शनना मेकला ‘पीजी_कॉन्फिग=’ लिहून पूर्ण मार्ग देता येतो; तो नेहमी द्या. छोट्या आवृत्तीत एक्स्टेन्शन सहसा जसंच्या तसं चालतं, मोठ्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावं लागतं. चुकीच्या आवृत्तीचं लोड करू पाहिलं तर सर्व्हर ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून थांबवतो.

दुरुस्त्या आणि पुढची आवृत्ती

छोट्या आवृत्त्या ठरल्या वेळापत्रकाने, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. पॅकेज वापरणाऱ्याला त्या आपोआप मिळतात, तुम्हाला कुणी सांगणार नाही. प्रकल्पाच्या अधिकृत घोषणांना नाव नोंदवा आणि या चार महिन्यांची आठवण दिनदर्शिकेत लावून ठेवा. सुरक्षेची दुरुस्ती राहून गेलेला सर्व्हर हा सोर्समधून बांधण्याचा खरा तोटा आहे.

काम मात्र लहान आहे. नवा टारबॉल, तीच स्क्रिप्ट, ‘मेक’, ‘मेक चेक’. एवढं होईपर्यंत जुना सर्व्हर चालूच राहू दे. नंतर तो थांबवा, ‘/ऑप्ट/पीजीएसक्यूएल-१७’ची एक प्रत बाजूला काढा, इन्स्टॉल करा, सुरू करा. डेटा आहे तिथेच राहतो, थांबण्याचा वेळ मिनिटभराचा असतो. त्या आवृत्तीच्या सूचना आधी वाचा. क्वचित एखादा इंडेक्स पुन्हा बांधायला सांगितलेलं असतं.

मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. तिथे डेटाचा अंतर्गत आराखडा बदलतो, म्हणून ‘पीजी_अपग्रेड’ लागतं. त्याला जुने आणि नवे दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी हजर हवे असतात. प्रिफिक्समध्ये आवृत्तीचा आकडा घातला होता तो यासाठीच. १८ ‘/ऑप्ट/पीजीएसक्यूएल-१८’मध्ये बसवा, तिचा रिकामा डेटा जुन्याच एन्कोडिंग आणि लोकेलने बनवा, वापरात असलेली एक्स्टेन्शन तिच्यासाठीही बांधा, आणि दोन्ही सर्व्हर बंद ठेवून आधी ‘--चेक’ पर्यायाने चालवा. चेकसमची स्थिती दोन्हीकडे सारखी लागते: जुन्यात ते नसतील तर नवा डेटा बनवताना ‘--नो-डेटा-चेकसम्स’ द्या, किंवा जुना सर्व्हर बंद करून ‘पीजी_चेकसम्स’ने आधी ते चालू करून घ्या.

‘--लिंक’ पर्यायाने फाइली कॉपी न होता जोडल्या जातात, त्यामुळे मोठा डेटाबेसही झटपट पार पडतो. पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना डेटा पुन्हा वापरता येत नाही. बॅकअप त्याआधीच हवा, आणि तो दुसऱ्या मशीनवर परत उभा करून पाहिलेला हवा. नवा सर्व्हर चालू झाल्यावर ‘व्हॅक्यूमडीबी --ऑल --अनलाइझ-इन-स्टेजेस’ चालवा. १७ पर्यंतच्या अपग्रेडमध्ये क्वेरीची योजना ठरवायला लागणारी आकडेवारी पलीकडे जात नव्हती, १८ मध्ये बरीचशी जाते, पण सगळी नाही. त्यामुळे १८ वर आल्यावर याच कमांडला ‘--मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली’ जोडता येतं. ‘/ऑप्ट/पीजीएसक्यूएल-१७’ मात्र लगेच पुसू नका. नव्या आवृत्तीचा पहिला पूर्ण बॅकअप घेऊन तपासून झाला की मगच ती डिरेक्टरी आणि जुना डेटा हटवा.